पर्यावरण करार बंधनकारक कशाने होतो: कलमाने की व्यापाराने?

मूळ मुद्दा

मोठ्या अर्थव्यवस्थांना बांधून ठेवणारा करार हवा असेल, तर आत राहण्यापेक्षा बाहेर राहणे महाग पडेल अशी त्याची रचना हवी, असे माझे ठाम मत आहे. १९८७च्या माँट्रियल कराराने हे साधले. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांचा व्यापार करारबाह्य देशांशी करण्यावर त्याने निर्बंध घातले, विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत दिली आणि १९९०मध्ये त्यांच्यासाठी बहुपक्षीय निधीची तरतूदही केली. हवामानबदलावरील १९९७च्या क्योटो करारात मात्र उत्सर्जन घटवण्याचे उद्दिष्ट चुकवणाऱ्या देशाच्या पुढील कालखंडातील उत्सर्जनाच्या वाट्यातून तुटीच्या १.३ पट कपात होणार होती. तो पुढचा कालखंडच स्वीकारला नाही, तर शिक्षा कसली? अमेरिकेने त्या कराराला मान्यताच दिली नाही आणि कॅनडाने २०११मध्ये बाहेर पडण्याची सूचना दिली. २०१५च्या पॅरिस हवामान कराराने तर उद्दिष्ट ठरवणे ज्याच्या त्याच्यावर सोपवले.

प्रतिसाद १

आपले निदान पटते, उपाय पटत नाही. ओझोनला घातक ती रसायने तुलनेने मोजक्या कंपन्या बनवत होत्या आणि पर्याय दृष्टिपथात होते. कार्बन वीज, पोलाद, सिमेंट, वाहतूक, शेती अशा सगळ्यांत मुरलेला आहे; त्यावर व्यापारनिर्बंध म्हणजे जवळपास सगळ्याच व्यापारावर निर्बंध. शिवाय ते लावणार कोण? ज्याची बाजारपेठ मोठी तो. युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन शुल्काचा (आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरील आकाराचा) भार अशा देशांच्या निर्यातदारांवरही पडतो, ज्यांचा आजवरच्या उत्सर्जनातला वाटा नगण्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२च्या हवामान आराखडा करारात जबाबदारी सर्वांची समान, पण प्रत्येकाच्या वाट्याला भिन्न मानली आहे. ते तत्त्व इथे कुठे उरते?

आणखी एक गोष्ट. विकसनशील देशांवर त्याच कालखंडात बंधने नसतील तर करार स्वीकारू नये, असा ठराव अमेरिकी सिनेटने १९९७मध्ये ९५ विरुद्ध ० मतांनी केला होता. पॅरिसची उद्दिष्टे ऐच्छिक राहिली, त्यामागे ही अडचण होती. ती बंधनकारक असती, तर अमेरिका २०१६मध्ये आत आली असती, असे मला वाटत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

आत येऊनही अमेरिका २०२०मध्ये बाहेर पडली, २०२१मध्ये परतली आणि २०२५मध्ये पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा झाली. ज्याला सोडून जाण्याची किंमत नाही, त्या सहभागावर दुसऱ्या देशाने आपला उद्योग का बेतावा? शुल्काबाबतचा आपला आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून शुल्काचे उत्पन्न गरीब देशांच्या निधीत जावे, ही अट करारातच असावी. सगळा कार्बन एकाच करारात कोंबण्याचीही गरज नाही. माँट्रियल कराराच्या २०१६च्या किगाली दुरुस्तीने केवळ एचएफसी वायू (शीतकरणात वापरले जाणारे, तापमान वाढवणारे वायू) हाती घेतले आणि देशांच्या गटांना वेगवेगळी वेळापत्रके दिली. पोलाद आणि सिमेंटसाठी तसे स्वतंत्र करार का होऊ नयेत?

प्रतिसाद १

निधीची अट लिहून दिली तर पोलादापुरते मी आपल्याबरोबर आहे. पण शुल्क वसूल करणारी सरकारे ते उत्पन्न सोडणार नाहीत, हे धरूनच कराराची आखणी करावी लागेल. तेव्हा निधीत रक्कम जमा झाल्याशिवाय शुल्क आकारण्याचा अधिकारच मिळू नये.