प्रसविकांची वेगळी नोंद झाली की काम भागेल का?

अबोली
१९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा आला. राज्यांनाही आपापले आयोग नेमायचे आहेत. त्यासाठी संस्थेतर्फे सूचना पाठवतोय. प्रसविका म्हणजे इथे गावची सुईण नव्हे. जीएनएम (परिचारिकेची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंगनंतर १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण घेतलेली सिस्टर. तिची नोंद वेगळी ठेवा, एवढीच मागणी पुरेल का?

निर्गुडी
नाही पुरणार. नोंद झाली तरी चिठ्ठीवर सही कोणाची, हा प्रश्न उरतोच. न्यूझीलंडमध्ये १९७१ च्या कायद्यापासून प्रत्येक बाळंतपणाची जबाबदारी डॉक्टरकडे होती. १९९० मध्ये, हेलन क्लार्क आरोग्यमंत्री असताना, नर्सेस कायद्यात दुरुस्ती झाली आणि साधं बाळंतपण प्रसविका स्वतःच्या जबाबदारीवर करू लागल्या. खरी मेख पुढेच आहे. त्याच वेळी औषधं, मादक द्रव्यं आणि सामाजिक सुरक्षा यांविषयीचे नियमही बदलले. म्हणून तिला औषध लिहिता येऊ लागलं, रक्ततपासणी सांगता येऊ लागली आणि त्याच कामाचे सरकारकडून डॉक्टरइतकेच पैसे मिळू लागले. नुसता मूळ कायदा बदलून थांबले असते, तर हिमोग्लोबिन बघायलाही डॉक्टरची वाट पाहावी लागली असती. तेव्हा सूचनेत ‘संबंधित कोणकोणते नियम बदलावे लागतील’ याचा तक्ता जोडाच.

पाणकणीस
आणि अधिकार मोघम लिहू नका. ‘आवश्यक औषधे’ असं लिहिलं की जो तो सोयीचा अर्थ लावतो. औषध, मात्रा, कुठे टोचायचं, केव्हा, सगळं यावं. बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही हे चाचपून, मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. गरोदरपणातल्या रक्तदाबाने झटके आले तर मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेट, झटके थांबवणारं औषध) पहिला डोस: ५० टक्क्यांचं द्रावण, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोलवर (१ ग्रॅमचे १० अँप्युल), आणि लगेच मोठ्या रुग्णालयात. कुशल प्रसूतीसाठीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी एएनएमलाही (सहाय्यक परिचारिका-प्रसविका) एवढी मुभा दिलेली आहे. त्या मुभेला आता नियमाचा आधार हवा.

कोणाला डॉक्टरकडे सोपवायचं तेही ठरलेलं हवं: रक्तदाब १४०/९० किंवा वर, पायाळू, जुळं, आधीचं सिझर, बाळाचे ठोके ११० च्या खाली किंवा १६० च्या वर. आणि तिने पाठवलेली बाई थेट दाखल करून घेणं समोरच्या डॉक्टरवर बंधनकारक हवं, नाहीतर फेरतपासणीत वेळ जातो.

बदलीचंही लिहा. लेबर रूममधून काढून तिला मेडिकल वॉर्डात रोटेशनला टाकलं की १८ महिने वाया. मला तर हा सगळ्यात मोठा धोका वाटतो.

सह्यकडा
महाराष्ट्रापुरतं एक. इथल्या १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात प्रसूतिगृहाला पात्र प्रसविका ठेवण्याची अट आधीपासून आहे. पण जीएनएमची नोंदणीच परिचारिका आणि प्रसविका अशी जोडून होते, त्यामुळे ती अट कोणतीही जीएनएम दाखवून पुरी होते. नव्या प्रसविकेची व्याख्या करताना तिथली व्याख्याही त्याच तक्त्यात घ्या.