मदत हवी आहे: कोल्हापुरात दोघांना चालेल अशी खानावळ
रविवारी आम्ही नवरा-बायको गाडी काढून कोल्हापुरात कुठेतरी खायला जातो. फडतरेंची मिसळ, खासबागेतली राजाभाऊंची भेळ, गंगावेशीतलं धारोष्ण दूध झालंय, सगळं मनापासून आवडलंय. अडतं ते रात्रीच्या जेवणाला. मला तांबड्या-पांढऱ्यासकट मटणाचं ताट हवं. ही शाकाहारी, तिला पनीर नको, अख्खा मसूर, झुणका, खर्डा-भाकरी असलं काहीतरी हवं. काही खानावळींत विचारून पाहिलं, पण शाकाहारी रस्सा मटणाच्याच पळीने वाढतात. ते हिला अजिबात चालत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. बजेट दोघांत सहाशे, जागा शहरातच, परमिट रूम नको. रांगेत थांबायची तयारी आहे. दोन्ही स्वयंपाक खरोखर वेगळे करणारी, रविवारी रात्री उघडी असणारी खानावळ कोणती?