हार्नेसच्या पॅनेल क्लिपची इन्सर्शन जास्त, पुल-आउट कमी: पायाच्या रचनेत काय बदलावं?

साइडसिल_०८ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडीच्या साइड सिलवरून (दाराखालच्या उंबऱ्यावरून) जाणाऱ्या फ्लोअर हार्नेससाठी (वायरांच्या जुडग्यासाठी) टेपने बांधायची क्लिप डिझाइन करतोय. प्रोटो मोल्डचे सॅम्पल आलेत आणि दोन्ही फोर्स, क्लिप भोकात दाबायला लागणारा (इन्सर्शन) आणि ओढून काढायला लागणारा (पुल-आउट), ड्रॉइंगच्या बाहेर आहेत.

पत्रा ०.८ मिमी, ईडी कोट (विजेच्या साहाय्याने चढवलेला प्रायमर) झालेला. भोक लांबट, ६.२ × १२.२ मिमी. मटेरियल नायलॉन ६६, काच न भरलेलं. दोन पाय आहेत. प्रत्येक पाय ५ मिमी रुंद, १.६ मिमी जाड, ७ मिमी लांब. पाय छत्रीच्या (पत्र्यावर वरून दाबून बसणाऱ्या लवचिक चकतीच्या) बुडातून निघतात आणि खालच्या टोकाला बाहेरच्या अंगाला ०.९ मिमीचा हूक आहे. आत जातानाचा उतार २५ अंश, बाहेर येतानाचा ४५ अंश. क्लिप फिरू नये म्हणून भोकाच्या लांबीत मधला ठोकळा बसवला आहे.

ड्रॉइंगवर इन्सर्शन जास्तीत जास्त ४५ न्यूटन आणि पुल-आउट कमीत कमी ११० न्यूटन मागितलाय. मोल्डरकडून आलेल्या ताज्या सॅम्पलवर इन्सर्शन ५८ ते ६४ आला. पुल-आउट तीन आठवड्यांनी, जुलैत, त्याच लॉटवर घेतला तर ६५ ते ७२. पाय बारीक केला तर पुल-आउट आणखी पडेल, जाड केला तर इन्सर्शन वाढेल. काही पायांच्या मुळाशी पांढरट रेघही दिसते. मार्ग कुठून काढायचा?

पत्रा_आणि_पाय

जाडीशी खेळून हा प्रश्न सुटणार नाही, कारण तुमच्या रचनेत इन्सर्शन आणि पुल-आउट एकाच गोष्टीवर टांगलेत: पायाच्या वाकण्यावर. तुमचेच आकडे घालून बघा.

सरळ पायाचा स्ट्रेन (मुळाशी माल किती टक्के ताणला जातो ते) = १.५ × जाडी × वाक ÷ लांबीचा वर्ग. म्हणजे १.५ × १.६ × ०.९ ÷ ४९, साधारण ४.४ टक्के. कोरड्या नायलॉन ६६ ला एकदाच वाकवायचं असेल तर ४ टक्क्यांच्या आसपास थांबावं. ती पांढरी रेघ तिथूनच येते. पाय आत जातानाच थोडा कायमचा वाकतोय.

एका पायाला आत दाबायला लागणारा फोर्स = रुंदी × जाडीचा वर्ग × मॉड्युलस × स्ट्रेन ÷ (६ × लांबी). कोरड्या मालाचा मॉड्युलस (ताठपणा) २८०० मेगापास्कल धरला तर साडेसदतीस न्यूटन येतात. घर्षण ०.२५ आणि उतार २५ अंश धरला की त्याच्या ०.८१ पट फोर्स क्लिप ढकलायला लागतो. दोन पायांचे मिळून ६१. तुमचा टेस्ट हेच सांगतोय.

आता बाहेर येताना. ४५ अंशाच्या उताराला हाच गुणक १.६७ होतो. माल कोरडाच असता तर पुल-आउट १२५ आला असता आणि सॅम्पल पास झाले असते. पण तीन आठवडे पावसाळी हवा प्यायलेल्या नायलॉनचा मॉड्युलस १५०० च्या आसपास उतरतो आणि पुल-आउट ६७ वर येतो. थोडक्यात, इन्सर्शन तुम्ही एका मटेरियलचा मोजलाय आणि पुल-आउट दुसऱ्याचा.

उतार ४५ वरून वाढवला तर? घर्षण ०.२५ असेल तर ७६ अंशांच्या पुढे उतार स्वतःच अडकतो, हिशेबात फोर्स अनंत होतो. प्रत्यक्षात बुडातून निघालेला पाय ओढाताणीत आत ढळतो, हुकाची कड गोल होते आणि क्लिप निसटते. शिवाय ८०-९० अंशांचा हूक पत्र्याची जाडी थोडी बदलली तरी एक तर बसतच नाही, नाही तर खुळखुळतो.

म्हणून पाय उलटा करा. मधला दांडा छत्रीतून खाली टोकापर्यंत न्या आणि पाय टोकापासून फुटून वर, पत्र्याकडे येऊ द्या. छत्रीच्या काड्या अर्धवट उघडल्यावर दिसतात तसे. आत जाताना हा पाय दांड्याकडे सहज मिटतो. ओढताना मात्र पत्र्याची कड पायाच्या मोकळ्या टोकावर बसते आणि पाय वाकण्याऐवजी दाबला जातो, टेकूसारखा. पाय बाहेरच्या बाजूला तिरपा असल्यामुळे जितकं ओढाल तितका तो बाहेर फाकतो. इन्सर्शन पायाच्या लवचिकतेवर आणि पुल-आउट पायाच्या दाबताकदीवर, अशी दोघांची फारकत होते.

सुरुवातीला ही मापं धरा: पाय ५ मिमी रुंद, मुळाशी १.१ आणि टोकाला ०.८ मिमी जाड, लांबी ८ मिमी, वाक तोच ०.९. स्ट्रेन २.३ टक्के. दोन पायांचा इन्सर्शन कोरड्यातही १३ न्यूटनच्या आसपास. खऱ्या क्लिपमध्ये तो याहून जास्त येईल, कारण पत्र्याची कड आधी मुळाजवळ टेकते आणि तिथे पाय ताठ असतो. वर छत्री दाबायला १०-१५ न्यूटन धरा. तरीही ४५ च्या खूप आत राहाल. पुल-आउटला दोन पायांचं क्षेत्रफळ ८ चौरस मिमी आहे. ओलसर नायलॉनचे ४० मेगापास्कल धरले तर ३२० न्यूटन. तिरपा भार आणि बकलिंग (दाबाखाली पाय मध्येच वाकणं) यांच्यापोटी निम्मे सोडून दिले तरी ११० च्या वर.

तीन गोष्टी जपा. मिटलेला पाय आणि दांडा यांच्यात निदान ०.२ मिमी मोकळी जागा ठेवा, नाहीतर पाय दांड्याला टेकतो आणि फोर्स एकदम उडी मारतो. मुळाशी त्रिज्या जाडीच्या निम्मी तरी द्या, धारदार कोपऱ्यातून चीर सुरू होते. आणि मोकळ्या टोकावर एकच खांदा देण्याऐवजी ०.४ मिमी अंतराने दोन-तीन पायऱ्या द्या. मग ०.७ ते १.५ मिमी जाडीच्या पत्र्यावर तीच क्लिप चालते आणि उरलेली फट छत्रीचा ताण भरून काढतो.

मोल्डशॉप

वरच्याशी सहमत. टूलिंगच्या बाजूने थोडी भर.

उलट्या पायाला स्लायडर (मोल्डमधला आडवा सरकणारा भाग) लागेल म्हणून घाबरू नका. पायाची बाणासारखी आकृती ज्या प्रतलात दिसते त्याला लंब दिशेत मोल्ड उघडला तर पाय आणि दांडा यांच्यातली फट सरळ सुटते. स्लायडर लागेल तो छत्रीच्या पोकळीला. पार्टिंग लाइन (मोल्डचे दोन अर्धे जुळतात ती रेघ) मात्र पायाच्या रुंदीच्या मधोमध घेऊ नका. ती खांद्यावरून जाते आणि नेमका पत्रा जिथे टेकतो तिथे फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेली पातळ किनार) येतो. ०.०५ मिमी फ्लॅशनेही क्लिप आधी त्या कंगोऱ्यावर बसते, मग कंपनांनी तो झिजतो आणि क्लिप ढिली होते. पार्टिंग लाइन पायाच्या एका कडेला सरकवा. अर्ध्या अंशाचा ड्राफ्ट (तुकडा मोल्डमधून सुटायला दिलेला उतार) दिला तर ५ मिमी रुंदीत जेमतेम ०.०४ मिमीचा फरक पडतो, तो चालतो.

गेट (प्लास्टिक मोल्डमध्ये शिरायची जागा) छत्रीच्या किंवा टेप गुंडाळायच्या पट्टीच्या बाजूला ठेवा. मोकळ्या टोकाला किंवा पायाच्या मुळाजवळ नको. दोन प्रवाह मुळाशी भेटले तर वेल्ड लाइन तिथेच पडते आणि पाय पहिल्याच दाबात तुटतो. मल्टी-कॅव्हिटी (एका वेळी अनेक तुकडे काढणारा) मोल्ड असेल तर प्रत्येक तुकड्यावर कॅव्हिटी नंबर हवाच. पुढे लाइनवर तक्रार आली तर सगळा लॉट चाळण्याऐवजी एका कॅव्हिटीवर बोट ठेवता येतं.

नायलॉनचे दाणे ८० अंश सेल्सिअसला २ ते ४ तास वाळवून ओल ०.२ टक्क्याच्या खाली आणा. ओले दाणे बॅरलमध्ये गेले तर उष्णतेने साखळ्या तुटतात. तुकड्यावर चंदेरी रेघा येतात आणि पाय ठिसूळ होतो. नंतर कितीही पाणी पाजलं तरी हा ठिसूळपणा जात नाही. रीग्राइंडचं (दळून परत वापरलेल्या मालाचं) प्रमाण ड्रॉइंगवर लिहून घ्या.

साइडसिल_०८

हिशेब आमच्या टेस्टशी इतका जुळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. पाय उलटा करून नवं मॉडेल बनवतो. दोन शंका आहेत. टेस्टला सॅम्पल कुठल्या स्थितीत घ्यायचे? आणि मोल्डर म्हणतो की क्लिप पाण्यात उकळून देतो, म्हणजे मऊ पडेल. हे करू द्यावं का?

ओल_आणि_नायलॉन

दोन्ही टोकांना टेस्ट करा. इन्सर्शनची कठीण परीक्षा कोरड्या, मोल्डमधून निघताच सीलबंद केलेल्या तुकड्यांवर. पुल-आउटची कठीण परीक्षा ओलसर तुकड्यांवर आणि गरम स्थितीत. हवेतल्या ओलीशी समतोल झालेलं नायलॉन ६६ वजनाच्या सुमारे अडीच टक्के पाणी धरतं. पाण्यात बुडवून ठेवलं तर साडेआठ टक्क्यांपर्यंत जातं. प्रयोगशाळेत ही स्थिती आणायला आयएसओ १११० ही पद्धत आहे: ७० अंश सेल्सिअस, ६२ टक्के आर्द्रता, वजन स्थिर होईपर्यंत.

उकळण्याबद्दल: चालतं, पण बेहिशेबी होतं. पातळ पाय भरपूर पाणी पितो, जाड दांडा कोरडाच राहतो, मापंही फुगतात. त्यापेक्षा पॉलिथिनच्या पिशवीत मालाच्या वजनाच्या २ ते ३ टक्के पाणी घालून पिशवी सील करायची आणि काही दिवस तशीच ठेवायची. ओल सगळीकडे सारखी पसरते. पिशवी लाइनवरच उघडायची, आधी नाही.

चाकण-तळेगाव पट्ट्यात हे फार जाणवतं. पावसाळ्यात मोल्ड झालेली क्लिप गोदामात आपोआप ओल धरते आणि कुणाचीच तक्रार नसते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी तोच मोल्ड, तेच मशीन, पण लाइनवरून अंगठा दुखतो आणि पाय तुटतात असा निरोप येतो. मोल्ड उघडून मापं घेण्याआधी पिशव्या बघाव्यात.

नायलॉनऐवजी अॅसिटल प्लास्टिक घ्यावं का असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. ते ओल कमी धरतं आणि स्प्रिंगसारखं छान वागतं. पण वितळतं १६५-१७५ अंशांना, नायलॉन ६६ वितळतं २६० ला. फ्लोअरवर चालेल, इंजिनजवळ नको. जस्ताचा मुलामा दिलेल्या स्टडवर बसणारी क्लिप असेल तर नायलॉनची वेगळी काळजी घ्या. मीठ-पाणी आणि जस्त मिळून झिंक क्लोराइड होतं आणि ताणाखाली असलेल्या नायलॉनला त्याने भेगा पडतात.

पत्रा_आणि_पाय

भोकाचं कुणी बोललं नाही. निम्म्या तक्रारी तिथल्या असतात, आणि दोष प्रत्येक वेळी क्लिपवर येतो.

पंच ज्या बाजूने शिरतो तिकडची कड किंचित गोल होते, पलीकडे बर (धातूची धारदार किनार) निघते. क्लिप गोल कडेच्या बाजूने आत जायला हवी. पाय सहज सरकतो आणि पलीकडे खांद्याला धारदार कड मिळते. उलट बाजूने बसवली तर बर पाय तासते. खाली पांढरा भुगा दिसला की समजावं. बॉडीच्या ड्रॉइंगवर पंचिंगची दिशा आणि बरची मर्यादा, जाडीच्या १० टक्के, म्हणजे तुमच्याकडे ०.०८ मिमी, दोन्ही लिहून घ्या. हे काम डाय बनण्याआधी व्हायला हवं.

ईडी कोट दर बाजूला २० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्याने भोक ०.०४ मिमीच आवळतं. पण वरचे रंगाचे थर चढलेल्या भागात १०० मायक्रॉन सहज होतात आणि भोक ०.२ मिमीने लहान होतं. साइड सिलजवळ पीव्हीसी सीलर भोकात ओघळतो का तेही गाडीवर जाऊन बघा.

टेस्ट प्लेट चार करा: लहान भोक-जाड पत्रा, लहान-पातळ, मोठं-जाड, मोठं-पातळ. इन्सर्शन पहिलीवर बिघडतो, पुल-आउट शेवटचीवर. ओढण्याचा वेग दर वेळी एकच ठेवा, मिनिटाला ५० मिमी ठीक आहे. सरळ ओढ्याबरोबर हार्नेसच्या दिशेने तिरपा ओढाही घ्या, कारण गाडीत हार्नेस क्लिपला सरळ कधीच ओढत नाही.

साइडसिल_०८

पंचिंगची दिशा बॉडीवाल्यांकडे आजच विचारतो. शेवटचा प्रश्न: क्लिप हार्नेसवर टेपने बांधली की थोडी फिरते किंवा सरकते. लाइनवर ऑपरेटरला हार्नेस पिळून भोकात घालावा लागतो. पट्टीची मापं काय ठेवावीत?

रूटिंग_बोर्ड

पिळलेला हार्नेस क्लिपला कायम वळवत राहतो. फोर्स टेस्टमध्ये पास झालेली क्लिप वर्षभराने निसटते ती यामुळे.

टेप १९ मिमीचा असतो, म्हणून छत्रीच्या दोन्ही अंगांना २२ ते २५ मिमी पट्टी द्या. पट्टीच्या टोकाला १ मिमी उंचीची आडवी धार हवी, टेप तिच्या आत राहतो आणि सरकत नाही. पट्टीचा तळ बंडलच्या गोलाईला जुळता, १४ मिमीच्या बंडलला ७ मिमी त्रिज्येचा खोलगट करा. सपाट पट्टी गोल बंडलवर डुलते. टेपची सुरुवात पट्टीवर न करता वायरवर करा. आधी वायरला एक वेढा, मग पट्टी घेऊन पूर्ण तीन वेढे, शेवटचा वेढा न ताणता. ताणून संपवलेला टेप उन्हात उभ्या गाडीत आकसतो आणि टोक सुटतं.

दिशा हार्नेस बांधायच्या बोर्डवर पक्की करा, माणसाच्या नजरेवर सोडू नका. हार्नेस बोर्डच्या फिक्स्चरमध्ये गाडीसारखंच ६.२ × १२.२ चं भोक ठेवा आणि क्लिप त्यात उभी करूनच टेप लावा. ड्रॉइंगवर प्रत्येक क्लिपची घड्याळाच्या तबकडीप्रमाणे (३ वाजता, ६ वाजता अशी) दिशा आणि ±१० अंशांची मर्यादा टाका.

एक क्लिप डेटम (मापं मोजायचा संदर्भ) धरा, शक्यतो मोठ्या कनेक्टरजवळची. बाकीच्या क्लिपांच्या भोकांची लांबट बाजू हार्नेसच्या दिशेने ठेवा. दोन क्लिपांमधल्या लांबीत हार्नेस ५ मिमी इकडे-तिकडे होणारच. मधला ठोकळा भोकाच्या पूर्ण लांबीचा केलात तर ही ढील मारली जाते. त्यामुळे फिरणं रोखायचं काम भोकाच्या रुंदीच्या बाजूने दोन सपाट पृष्ठभागांना द्या आणि लांबीत ठोकळा ८ मिमीच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना २-२ मिमी सरकायला मिळतं. उरलेली ढील दोन क्लिपांमधल्या हार्नेसमध्ये ठेवा, पण इतकीच की तो पत्र्याच्या कडेला टेकणार नाही.

टेपच्या जागी केबल टायची क्लिप घेणार असाल तर ४.६ मिमी रुंदीच्या टायचं ताण-हत्यार सेट करूनच वापरा. हाताने ओढलेला टाय एका ठिकाणी इन्सुलेशनमध्ये रुततो आणि दुसऱ्या ठिकाणी फिरतो.