मदत हवी आहे: मुलीच्या चेहऱ्यावरील सपाट चामखिळींचे निदान बायोप्सीशिवाय होईल का?
नमस्कार. माझ्या ७ वर्षांच्या मुलीच्या कपाळावर ४ महिन्यांपासून टाचणीच्या डोक्याएवढे, किंचित तपकिरी, चपटे उंचवटे आले असून, जिथे तिने खाजवले तिथे ते ओरखड्यासारखे एका रेषेत उमटले आहेत. त्वचारोगतज्ज्ञांना सपाट चामखिळींची शंका आहे. मात्र लायकेन प्लॅनस हा त्वचेचा दाहजन्य आजारही असाच दिसू शकतो, म्हणून बायोप्सीचा, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा, विषय निघाला. इतक्या लहान मुलीच्या चेहऱ्यावर टाका, या कल्पनेनेच जीव कासावीस होतो.

डर्मोस्कोपीत, म्हणजे प्रकाश असलेल्या भिंगातून त्वचा पाहण्याच्या तपासणीत, सपाट चामखिळींमध्ये फिकट तपकिरी वा पिवळसर पार्श्वभूमीवर बारीक लाल ठिपके आणि लायकेन प्लॅनसमध्ये पांढऱ्या रेषांची जाळी दिसते, एवढे मला समजले आहे. आमच्या तपासणीत ठिपके अस्पष्ट होते. भिंग त्वचेवर दाबले गेल्यास ते फिके पडतात, त्यामुळे तसे झाले असेल का? कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने त्वचा न कापता सुमारे ०.२ मिलिमीटर खोलीपर्यंतच्या पेशी पाहता येतात, परंतु त्यासाठी मुलाला काही मिनिटे अगदी स्थिर राहावे लागते.

अशा वेळी ही कॉन्फोकल तपासणी करून घ्यावी, की त्वचेला स्पर्श न करणाऱ्या भिंगाने पुन्हा डर्मोस्कोपी करावी? मुलांवर या तपासण्या करणाऱ्या डॉक्टरांनी आणि अनुभवी पालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.