गोठ्यातल्या मांजरांना खायला घालायचं पण घुशी-उंदीर नकोत, काय करता तुम्ही लोक?

कराडकर_गोठा:
राम राम मंडळी. आमच्या गोठ्यात तीन म्हशी, एक जर्सी आणि चार मांजरं. मांजरं पाळलेली अशी नाहीत, एक भाटी गेल्या पावसाळ्यात कडब्याच्या गंजीत व्याली आणि पिल्लं तिथंच राहिली. आई रोज धारा काढून झाल्या की जर्मनच्या थाळीत दूध-भाकरी कुस्करून ठेवते, सकाळी थाळी एकदम लख्ख, आम्हाला वाटायचं मांजरं खातात. परवा म्हैस व्यायला झालेली म्हणून रात्री दीडला बॅटरी घेऊन गेलो तर थाळीवर दोन घुशी बसलेल्या आणि आमची भाटी गव्हाणीवर बसून निवांत बघतीय!! वर मुंग्या आहेत, गल्लीतली कुत्री आहेत ते वेगळंच. शेजारचे काका म्हणतात खायलाच घालू नका, उपाशी राहिली की बरोबर उंदीर धरतील. आईला ते पटत नाही. खरं काय?

रत्नागिरीची_मावशी:
अरे त्या भाटीला हसू नकोस, मोठी घूस किलोभर भरते, उलटी चावली तर मांजराचं काय राहील? मांजर उंदीर धरतं, घुशीच्या वाटेला सहसा जात नाही.
आणि काकांना सांग, पोट भरलेलं मांजर पण शिकार करतं, ती त्यांची खोडच आहे. उपाशी ठेवलंस तर चार घरं सोडून जिथे मासळी शिजते तिथे जातील, मग तुझ्या गोठ्यात कोण राहणार?
चूक एवढीच की ताट रात्रभर राहतं. उंदीर-घुशी रात्रीच्या. दिवेलागणीच्या आधी घालायचं, अर्धा तास थांबायचं, उरलेलं उचलायचं आणि खाली सांडलेलं पण झाडून घ्यायचं. पहिले दोनतीन दिवस मांजरं उशिरा येतात, मग वेळ बरोब्बर कळते. मी ताटावर चमचा वाजवते, कौलावरून धावत येतात मेली.
मुंग्यांसाठी परातीत पाणी, मधे वीट, विटेवर ताटली. पाणी रोज बदल नाहीतर डास होतील.

नुसता_वाचक:
शिंकं टांगा. आजी मांजरापासून लोणी वाचवायला टांगायची, तुम्ही उंदरापासून मांजराचं दूध वाचवा हाहाहा

संगमनेर_डेअरी:
मावशींचं बरोबर आहे पण भाऊ मला एक सांगा, पेंडीची पोती कुठं ठेवता? कारण घुशी काय वाटीभर दूध-भाकरीसाठी नाही येत, त्या सरकी पेंड आणि भरड्यासाठी येतात, थाळी म्हणजे वरची चटणी. आमच्याकडे पण आम्ही वर्षभर मांजराच्या ताटाला दोष देत बसलो आणि पोती भिंतीला टेकून जमिनीवर, खालून कुरतडून पेंड गळतीय ते कुणी बघितलंच नाही. आता पत्र्याचे झाकणाचे ड्रम आणलेत, उघडं पोतं एकच, तेही ड्रमात, बाकीची पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून फूटभर लांब म्हणजे मागं झाडू फिरतो. गव्हाणीत रात्री आंबोण उरलेलं असतं ते पण काढायचं. अर्ध्या इंचाच्या फटीतून उंदीर येतो, बारका तर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून, त्यामुळं सगळी भोकं बुजवत बसण्यापेक्षा खायचंच बंद करा.
बिळं किती चालू आहेत ते बघायची एक युक्ती, संध्याकाळी सगळी मातीनं लिंपायची आणि सकाळी किती उकरली ते मोजायची. उकरलेली तेवढी जिवंत.
आणि हात जोडून सांगतो, औषध टाकू नका. आम्ही त्या वड्या टाकल्या होत्या, ब्रोमॅडिओलोनच्या. उंदीर लगेच मरत नाही, चारपाच दिवस झिंगल्यासारखा हिंडतो, असा उंदीर मांजराला आयता सापडतो. आमचा बोका गेला त्यात, नाकातून रक्त येत होतं, डॉक्टरकडे नेईपर्यंत उशीर झाला. त्या औषधावर व्हिटॅमिन के देतात पण वेळेत कळलं पाहिजे ना.

शेळीवाली_ताई:
दोन गोष्टी राहिल्या. एक, दूध कमी करा. मोठ्या मांजरांना म्हशीचं दूध बऱ्याचदा पचत नाही, ढाळ लागते. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर नीट राहत पण नाही, त्याला मांस-मासळी लागतेच. सुकट धुवून, मीठ काढून, चिमूटभर भातात मिसळा, नाहीतर अंडं उकडून द्या. कालवणातला भात नको, कांदा-लसूण मांजराला विषारी. सुकं खाणं असेल तर ते मोजून, कारण दूध-भाकरीपेक्षा ते कुत्र्यांना जास्त आवडतं.
दुसरं, मांजरं हगतात कुठं ते बघा. भुशात किंवा चाऱ्यात असेल तर झाकायला सुरुवात करा. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा पसरतो आणि त्यानं शेळ्या-मेंढ्या गाभडतात, गरोदर बायकांनी पण ती घाण हाताळू नये. तुमच्याकडे शेळ्या नाहीत तरी सवय लागलेली बरी. कोपऱ्यात कोरड्या वाळूचा ढीग टाका, मांजरं आपोआप तिकडे जातात.
आणि भाटीचं ऑपरेशन करा हो. दोन महिन्यांत व्यायते, पिल्लू पाचसहा महिन्यांचं झालं की तेही तयार, चाराची बारा कधी झाली कळणार नाही, मग किती भाकऱ्या थापणार आई?

कराडकर_गोठा:
पंधरा दिवसांनी लिहितोय, उशीर झाला माफ करा. निळा प्लॅस्टिकचा दोनशे लिटरचा ड्रम पाण्यानं भरून भिंतीपासून लांब उभा केला, वर कडप्प्याचा तुकडा, त्यावर थाळी. मांजरं एका उडीत वर, कुत्री खाली बसून जीभ लोंबवत बघतात, आणि त्या गुळगुळीत ड्रमवर उंदराला चढता येत नाही. पेंड पत्र्याच्या ड्रममध्ये गेली. पोती हलवली तेव्हा मागं घमेलंभर पेंड सांडलेली निघाली, संगमनेरवाले भाऊ तुम्ही बघितल्यासारखं सांगितलंत. बिळं लिंपली, पहिल्या सकाळी सातातली पाच उकरलेली, काल एक. भाटीची तारीख पुढच्या मंगळवारी घेतलीय.
आई अजून चोरून दूध घालते. परवा गंजीमागं वाटी सापडली, विचारलं तर म्हणते "ती म्हशीच्या पिल्लाची आहे". म्हशीच्या रेडकाला वाटीतून दूध!
आता राहिले फक्त कावळे. साडेपाचला थाळी वर गेली की पत्र्यावर रांग लावून हजर. त्यांच्यासाठी कुणाकडं काही असेल तर सांगा.