केगेल करूनही फरक नाही, त्याबद्दल

खोकताना-शिंकताना लघवी गळते म्हणून महिनाभर केगेल (लघवी रोखून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम) केले, काही फरक नाही, आता ऑपरेशनच, असं वर एका ताईंनी लिहिलंय. इतक्यात नको, असं कळकळीने सांगावंसं वाटतं. स्नायूंना ताकद यायला वेळ लागतो. ब्रिटनमधल्या 'नाइस' या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या सूचनांत आधी निदान 3 महिने देखरेखीखाली व्यायाम सांगितलाय, दिवसातून 3 वेळा, दर वेळी किमान 8 आकुंचनं. यातलं देखरेखीखाली हे फार महत्त्वाचं. नुसतं वाचून करताना बऱ्याचजणी श्वास रोखून खाली जोर देतात, नाहीतर मांड्या आणि नितंब आवळतात. माझ्या वहिनीचंही तेच चाललं होतं. पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे याच तळाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टने तिची परवानगी घेऊन आतून बोटाने तपासलं, तेव्हा कुठे नेमका स्नायू वर ओढला जाणं म्हणजे काय ते तिला कळलं.

तिथेच शिकवलेली आणखी एक गोष्ट इथे कुणी लिहिलेली नाही. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं, भरलेली बादली उचलायची असली, की त्याच्या क्षणभर आधी स्नायू आवळायचा आणि ते होईपर्यंत सोडायचा नाही. आणि हो, लघवी मध्येच थांबवून रोज सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.