दर ५ मिनिटांचा जॉब कुणासाठी? वेअरहाऊसच्या बिलावरचा वाद

उद्यमनगर_रात्रपाळी
कोल्हापूरकडच्या फाउंड्री, साखर कारखाना, दूध संघ अशांच्या डेटा पाइपलाइन (डेटा गोळा करून रिपोर्टापर्यंत नेणारी साखळी) सांभाळणाऱ्यांसाठी हा धागा. स्नोफ्लेक या क्लाउडवरच्या डेटाबेसचं बिल फुगलं की सगळे क्वेरी (डेटाला एसक्यूएलमध्ये विचारलेले प्रश्न) घासायला, म्हणजे हलक्या करायला बसतात. माझं मत, पैसा क्वेरीत जात नाही, वेअरहाऊस (क्वेरी चालवणारा भाड्याचा संगणक-संच) जागं राहण्यात जातो.

हिशेब मांडतो. मीडियम वेअरहाऊस तासाला ४ क्रेडिट (स्नोफ्लेकच्या बिलाचं एकक) खातं. जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) दर ५ मिनिटांनी लागतो, खरं काम ४० सेकंदांचं. ऑटो-सस्पेंड (रिकामं राहिल्यावर किती वेळानं झोपायचं ती मुदत) डिफॉल्ट ६०० सेकंद, म्हणजे झोप लागायच्या आत पुढचा जॉब दारात उभा. दिवसाला ९६ क्रेडिट. ऑटो-सस्पेंड ६० सेकंदांवर आणला तर एका फेरीला साधारण १०० सेकंद. २८८ फेऱ्यांचे ८ तास, ३२ क्रेडिट.

पण दूध संकलन होतं सकाळ-संध्याकाळ, दोनच वेळा. मग जॉबही दोनदाच लावा. डेटा साठलेला म्हणून फेरी १० मिनिटांची धरली, तरी दिवसाला दीड क्रेडिटच्या आत बसतं. एसक्यूएलची एक ओळही बदलावी लागत नाही.

तांबडा_पांढरा
हिशेब बरोबर, पण त्या वेअरहाऊसवर दुसरं काहीच चालत नसेल तरच. त्याच वेअरहाऊसवर डॅशबोर्ड टांगलेला असेल, तर तुमचा जॉब बंद केला तरी ते दिवसभर जागंच. वाचले किती? शून्य. म्हणून आधी मोजणी, मग कात्री.

प्रत्येक जॉबला क्वेरी टॅग (ओळखचिठ्ठी) लावा: पाइपलाइनचं नाव, मॉडेलचं (एक टेबल तयार करणाऱ्या क्वेरीचं) नाव, मालक कोण. मग क्वेरी अॅट्रिब्यूशन हिस्टरीतून (कोणत्या क्वेरीला किती क्रेडिट लागले ती स्नोफ्लेकची नोंद) टॅगवार क्रेडिट काढा. त्यात रिकामा वेळ धरलेला नसतो. वेअरहाऊस मीटरिंग हिस्टरीतल्या (वेअरहाऊसच्या एकूण वापराची नोंद) कंप्युट क्रेडिटमधून ही बेरीज वजा केली की उरतो तो जवळपास सगळा आयडल खर्च. तो वापराच्या प्रमाणात टॅगांवर वाटायचा, नाहीतर त्याला कुणीच वाली राहत नाही.

दोन ठिकाणी फसगत होते. एक, अॅट्रिब्यूशनचा डेटा ८ तासांपर्यंत उशिरा येतो, मीटरिंगचा ३ तासांपर्यंत. आजचा आकडा आज बघून भांडू नका. दुसरं, अकाउंटचा टाइमझोन डिफॉल्टला लॉस एंजेलिसचा असतो. तो तसाच राहिला तर तुमच्या रिपोर्टात तारीख बदलते दुपारी साडेबाराला (हिवाळ्यात दीडला), आणि सकाळचं संकलन आदल्या दिवसाच्या खात्यात जाऊन बसतं. बिलाशी ताळा घालायचा तर सेशन यूटीसीवर ठेवा.

शिरोली_फाटा
भावा, तीन माणसांच्या टीमनं एवढा उद्योग करायचा तर पाइपलाइन कोण बघणार? टॅग लावायला पंधरा दिवस, वाटणीवर वाद घालायला महिना. त्यापेक्षा रिसोर्स मॉनिटर (क्रेडिटच्या कोट्यावरचा पहारेकरी) लावा: कोट्याच्या ७५ टक्क्यांवर मेल, १०० वर सस्पेंड, ११० वर चालू क्वेरीसकट बंद. स्टेटमेंट टाइमआउट (एक क्वेरी जास्तीत जास्त किती वेळ चालू द्यायची ती मर्यादा) डिफॉल्टला १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे अख्खे दोन दिवस! तो तासाभरावर आणा. अर्ध्या दिवसाचं काम, विषय संपला.

गळीत_हंगाम
विषय संपत नाही, तिथंच सुरू होतो. महिन्याचा कोटा जूनच्या वापरावर बेतलात तर ऊस गाळप सुरू झाल्यावर महिन्याच्या मध्यालाच मॉनिटर कुलूप लावेल. तेव्हा वजनकाट्याचा डेटा चोवीस तास वाहत असतो, आणि ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं एफआरपीचे (उसाच्या रास्त व किफायतशीर दराचे) पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. ती यादी ज्या वेअरहाऊसवर तयार होते तेच सस्पेंड? मेलवरचा इशारा सगळीकडं लावा, कुलूप फक्त अॅनालिस्टच्या वेअरहाऊसला. आणि कोटा हंगामाचा वेगळा, बिगरहंगामाचा वेगळा.

शिवाय स्नोपाइप (फाइल आली की आपोआप भरणं), ऑटोमॅटिक क्लस्टरिंग (टेबल आपोआप लावून ठेवणं) यांसारखा सर्व्हरलेस खर्च, म्हणजे आपलं वेअरहाऊस न वापरता होणारा, रिसोर्स मॉनिटरच्या कक्षेतच येत नाही. त्याला बजेट नावाची वेगळी सोय लावावी लागते. मॉनिटर हिरवा आणि बिल लाल, असं याच्यामुळं होतं.

शिरोली_फाटा
काट्याचं मान्य. वेअरहाऊस वेगळी करायलाच हवीत. टॅगिंगचं अजून पटलेलं नाही.

रंकाळा_वारा
सगळे स्नोफ्लेकवरच बोलताय. बिगक्वेरीच्या (गूगलचा असाच डेटाबेस) ऑन-डिमांडला जागं-झोपलेलं काही नाही, तिथं किती बाइट वाचले त्याचे पैसे. अमेरिकेतल्या रिजनला टेबीबाइटमागं (टेराबाइटहून थोडा मोठा) ६.२५ डॉलर, महिन्याचा पहिला टेबीबाइट फुकट. त्यामुळं 'क्वेरी घासू नका' हा सल्ला तिथं महागात पडेल. साध्या टेबलवर लिमिट १० (दहाच ओळी दाखव) लिहिलं तरी निवडलेले कॉलम पूर्ण वाचले जातात. पार्टिशन (टेबलचे तारखेवार कप्पे) फिल्टर सक्तीचा करा, मॅक्सिमम बाइट्स बिल्डची (एका क्वेरीच्या बिलातले कमाल बाइट) मर्यादा घाला, आणि शेड्यूल करण्याआधी ड्राय रन (न चालवता किती बाइट लागतील ते बघणं).

खरी गोम मात्र मर्जमध्ये (नव्या ओळी जुन्या टेबलशी जुळवून मिसळण्यात) असते. डीबीटी या टूलमध्ये मॉडेल इन्क्रिमेंटल (फक्त नवा डेटा घेणारं) केलं की लोक निर्धास्त होतात. पण ऑन-अटीत (ओळी जुळवायच्या अटीत) फक्त पावती क्रमांक असेल, तर रोजच्या हजार ओळी जुळवायला लक्ष्य टेबलची सगळी पार्टिशनं वाचली जातात. अटीत पार्टिशनच्या तारखेची ठाम सीमा घाला. ती सोर्स टेबलच्या कॉलमवरून काढू नका, त्यानं पार्टिशनांची छाटणी होत नाही. थेट तारीख द्या.

तांबडा_पांढरा
आणि ती सीमा किती दिवसांची? सवयीनं तीन दिवस लिहितात. दुधाचं बिल दहा दिवसांचं. पहिल्या दिवसाच्या फॅटची दुरुस्ती बिलाच्या आदल्या दिवशी आली तर ती तीन दिवसांच्या खिडकीबाहेर. मर्जमध्ये न जुळलेल्या ओळी घालायची अट असेलच, तर जुनी ओळ अटीतून वगळली जाते आणि दुरुस्ती नवीन ओळ म्हणून घुसते. त्या शेतकऱ्याचं दूध दोनदा मोजलं जातं. अशा ठिकाणी खिडकी बारा दिवसांची हवी. थोडे बाइट जास्त गेले तरी चालतील.

उद्यमनगर_रात्रपाळी
हे आवडलं. शेअर्ड वेअरहाऊसचा मुद्दाही मान्य, माझा हिशेब एकट्या जॉबचा होता. पण एक उलटं बोलतो: ऑटो-सस्पेंड ३० सेकंदांवर नेऊ नका. वेअरहाऊस उठलं की किमान ६० सेकंदांचं बिल लागतं, मग एका मिनिटात दोनदा उठवलं की दोनदा भरायचं. डॅशबोर्डच्या वेअरहाऊसला तर ६० सुद्धा कमी, कारण झोपलं की लोकल कॅशे (जवळ साठवलेला डेटा) जातो आणि उठल्यावरची पहिली क्वेरी पुन्हा सगळं स्टोरेजमधून ओढते. तिथं ५ ते १० मिनिटं चालेल.

शिरोली_फाटा
मग साइझ लहान करा की. स्मॉलवर चालवा, तासाला २ क्रेडिट.

गळीत_हंगाम
स्मॉलवर तासभर चालणारा जॉब लार्जवर १५ मिनिटांत होत असेल, तर दोन्हीकडं २ क्रेडिटच. क्वेरी हिस्टरीत रिमोट स्टोरेजला सांडलेले (वेअरहाऊसमध्ये न मावल्यानं बाहेरच्या साठ्यावर गेलेले) बाइट बघा. ते दिसत असतील तर स्मॉल स्वस्त नाही, महाग आहे. सांडत नसेल आणि वेळही घटत नसेल, तेव्हाच खाली उतरा. आणि हे जॉबवार बघायचं म्हणजे टॅग आलेच, दादा.

शिरोली_फाटा
बरं, सगळ्यात महाग पाच जॉबना लावतो. बाकीच्यांना नाही म्हणजे नाही.